थांबा म्हटलं की कोण थांबतं?

महिला सेवा मंडळात नाव घातलं तर आपल्या पदरात नेमकं काय पडणार, याचा हिशेब मधल्या वहिनींनी शेंगा सोलता सोलता करून टाकला होता. घराबाहेर पडायला, कोणाला तोंड उघडता येणार नाही असं कारण मिळणार होतं. छातीवर लावायला पितळी बिल्ला मिळणार होता. ज्या बायका एरवी जिन्यात भेटल्या तर नुसती मान हलवतात, त्यांना थांबवून ‘काय हो, पुढची सभा कधी?’ असं विचारण्याचा अधिकार मिळणार होता. पण हे सगळं वरवरचं. खरी जमेची बाजू वहिनींनी मोठ्याने उच्चारली नाही, कारण ती शेजारच्या खोलीत गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

सासूबाईंना मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दवाखान्यात गुडघे शेकून घ्यायला जावं लागे. बस गल्लीच्या तोंडावरूनच जायची, इतकी जवळून की स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींना कंडक्टरची मिशी ओळखू यायची. पण जायची, थांबायची नाही. थांबायची ती थेट चढण संपल्यावर, लाकडाच्या वखारीपाशी. ती चढण सासूबाई वहिनींच्या दंडाला धरून चढत आणि चढताना बोलत. बोलणं हे त्यांचं इंधन होतं. पहिल्या वळणापर्यंत धाकट्या जावेने नेलेलं आणि परत न आणलेलं पातेलं, दुसऱ्या वळणापर्यंत थोरल्या नणंदेचा स्वभाव, आणि वखार दिसायला लागली की सूनबाईंचं माहेर. परतीला उतार असल्यामुळे तेच सगळं दुप्पट वेगाने.

बस गल्लीच्या तोंडाशी थांबली तर सासूबाई एकट्या जाऊ-येऊ शकतील, आणि आठवड्यातल्या दोन सबंध दुपारी आपल्या होतील, असं वहिनींचं गणित होतं. समाजसेवेची सुरुवात घरापासून करावी म्हणतात. वहिनींनी ती घरातलं एक माणूस बसमध्ये बसवण्यापासून करायची ठरवली.

‘मधल्या’ हे त्यांचं नाव नव्हे, पत्ता होता. इमारत तीन मजल्यांची. खाली शिंपी, वर भाषेचे निवृत्त मास्तर, आणि मध्ये ह्या. नवरा विमा कचेरीत होता आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीत काय काय बिघडू शकतं हे सांगण्याचा त्याला पगार मिळायचा. ही सवय तो घरीही मोफत चालवायचा.

“तू मंडळात? आणि बसथांबा आणणार?” रात्री ताटावर बसल्यावर तो म्हणाला. “अगं, त्या मंडळाने तीन वर्षांत फक्त जुने कपडे वाटलेत. ते पण एकमेकींत.”

“म्हणूनच म्हणते. काहीतरी ठोस हवं. आईंची पण सोय होईल.”

“आईची की तुझी?”

“हळू बोला की जरा!”

शेजारच्या खोलीतला तेल चोळण्याचा आवाज क्षणभर बंद झाला आणि मग पुन्हा सुरू झाला. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

मंडळाची सभा अध्यक्षीणबाईंच्या बंगल्यात भरायची. अध्यक्षीणबाई मोठ्या मनाच्या होत्या. म्हणजे कोणाचंही काम असो, त्या ते आपलं मानत. नव्या सभासदाला आधी उमेदवारीवर ठेवायचं, तिने एखादं काम तडीस नेलं तरच बिल्ला द्यायचा, असा त्यांनी स्वतःच नियम केला होता आणि त्या नियमातून स्वतःला वगळलं होतं. वहिनींनी उभं राहून बसथांब्याची कल्पना मांडली, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांवर चार भावपूर्ण वाक्यं बोलल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले.

“छान!” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “माझ्या मनात हेच होतं. मग तुम्ही वार्षिक सभेच्या आत करून टाका. झालं तर बिल्ला. नाही झालं तर...” इथे त्या फार गोड हसल्या. दिवाणखान्यातल्या सगळ्या बायकांच्या देखत शब्द गेला होता. आता थांबा आला नाही तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, आणि मंगळवार-शुक्रवारची चढण जन्माची पाठीला लागणार होती.

दुसऱ्याच दिवशी वहिनी वाहतूक कार्यालयात गेल्या. रांगेत उभं राहून त्यांची पाळी आली तेव्हा खिडकीतला कारकून मान खाली घालून शिक्के मारत होता.

“काय हवंय?”

“थांबा,” वहिनी म्हणाल्या.

कारकुनाचा शिक्का हवेतच राहिला. “हं. थांबलो. बोला.”

“तेच बोलतेय. थांबा हवाय.”

“बाई, मी थांबलोय. मागची रांग पण थांबलीय. आता तुम्ही बोलायला सुरुवात केलीत तर बरं होईल.”

“आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबा.”

“मी? मी कशाला थांबू तुमच्या गल्लीच्या तोंडाशी? संसारी माणूस आहे मी!”

“अहो, बसचा थांबा म्हणतायत त्या!” रांगेतून कोणीतरी ओरडलं.

“मग बसचा म्हणा ना,” कारकून दुखावल्या आवाजात म्हणाला. “इथे दिवसभर मीच सगळ्यांना थांबा म्हणतो. उलट मला कोणी म्हटलं की दचकायला होतं.” त्याने एक कागद पुढे ओढला. “त्या जागी सध्या रोज किती प्रवासी चढतात?”

“एकही नाही. बस थांबतच नाही तर चढणार कुठून?”

“म्हणजे शून्य.” त्याने एक सुबक शून्य काढलं आणि वहिनींना दाखवलं. “शून्य प्रवाशांसाठी थांबा देता येत नाही.”

“पण थांबा दिलात की चढतील!”

“आधी चढू द्या, मग देऊ.”

“चालत्या बसमध्ये?”

“छे छे, चालत्या बसमध्ये चढणं हा गुन्हा आहे.”

“मग आम्ही करायचं काय?”

“अशा नाजूक प्रकरणात साहेब स्वतः जागेची पाहणी करतात.”

“कुठे आहेत साहेब?”

“पाहणीला.”

“आमच्या?”

“दुसऱ्यांच्या. तुमची पाळी आली की तुमच्या.”

“आणि ती कधी येणार?”

कारकुनाने कॅलेंडरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाला, “थांबा.” या खेपेला अर्थाबद्दल कोणाचाच घोटाळा झाला नाही.

त्यानंतर वहिनी त्या खिडकीशी इतक्या वेळा गेल्या की रांगेतली माणसं त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायला लागली. साहेब दरवेळी पाहणीला गेलेले असत. एवढी पाहणी करून त्या माणसाने जगात बघायचं काही शिल्लक ठेवलं असेल असं वहिनींना वाटेना. इकडे गल्लीत सल्ल्यांचं पीक आलं होतं. खालचा शिंपी म्हणाला, “वहिनी, थांबा असा मागून मिळत नसतो. रस्त्यात कोणीतरी पाय मोडून घ्यावा लागतो, मग लगेच मिळतो.” आणि एवढं बोलून त्याने मापं घेतल्यासारखं सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस मेल्या?” सासूबाई कडाडल्या. “माझे आधीच मोडलेत. त्याचा काय मिळालाय थांबा?”

नवऱ्याने कचेरीतून येताना रस्त्यावरच्या अपघातांची आकडेवारी आणली, ती कोणी वाचली नाही.

वार्षिक सभा जवळ आली तशा अध्यक्षीणबाईच कंटाळल्या. “परवानगी, परवानगी काय लावलंय? आधी पाटी लावू. पाटी दिसली की बस आपोआप थांबेल. माणसं एकवेळ माणसाचं ऐकत नाहीत, पण लिहिलेलं असलं की ऐकतात.” हे वाक्य पुढे खरं ठरलं, हीच सगळी अडचण झाली.

पाटीवरचा मजकूर ठरवायला वहिनींनी वरच्या मास्तरांना खाली बोलावलं, ही त्यांची चूक. मास्तर निवृत्त झाल्यापासून खिशात खडू ठेवून फिरत आणि दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देत. त्यामुळे बाजारात त्यांना उधारी मिळत नसे. वहिनींनी कागदावर मोठ्या अक्षरात ‘बस थांबा’ असं लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे कोणाला उद्देशून आहे?”

“कोणाला म्हणजे? लोकांना.”

“‘बस’ म्हणजे अरेतुरे. ‘थांबा’ म्हणजे अहोजाहो. वहिनी, एकाच पाटीत, एकाच माणसाला, आधी अरे आणि मग अहो? तुम्ही कोणाला घरी बोलावून ‘ये, बसा’ म्हणता का?”

“मास्तर, बस म्हणजे ती गाडी हो!”

“गाडी धरलीत तर आणखीच पंचाईत. गाडी एकटी, आणि क्रियापद आदरार्थी. बसला अहोजाहो? ती आपल्याला कुठे मान देते?”

“मला पण कळेना,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “आधी बस म्हणायचं, मग थांबा म्हणायचं. मी बसून थांबू की उभ्याने?”

“बघा!” मास्तर विजयी मुद्रेने म्हणाले. “सामान्य वाचकाची हीच अडचण होणार.”

“सामान्य कोणाला म्हणता?”

“‘बस थांबते’ लिहू या का?” वहिनींनी घाईघाईने विचारलं.

“असत्य. थांबत नाही म्हणून तर पाटी लावताय.”

“बरं, ‘बसचा थांबा’?”

“षष्ठी लावलीत की मालकी आली. थांबा बसचा की जनतेचा? शिवाय ‘बस’ हा शब्द मुळात आपला नाही, उसना आहे. उसनं आणलेलं दारावर टांगू नये.” मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, ‘बस’वर ठामपणे काट मारली आणि कागद दूर धरून डोळे मिटल्यासारखे केले. “‘थांबा.’ बस्स! नेमकं, स्वच्छ, आदरयुक्त, दोन अक्षरी. यात कोणाची चूक होईल?”

वहिनींना काहीतरी खटकलं. पण मास्तर स्वतः ‘बस्स’ म्हणाले की काय, या विचारात ते खटकलेलं निसटून गेलं.

पत्रा आणायचा तर बाजारात जावं लागणार होतं. त्याऐवजी अध्यक्षीणबाईंनी आपल्या गच्चीवरच्या जुन्या टाकीचं झाकण दिलं. झाकण गोल होतं. रंग लाल द्या, लांबून दिसतो, असंही त्यांनीच सांगितलं. पेंटरने विचारलं, “नुसतं एवढंच लिहायचं?” हो म्हटल्यावर त्याने मोकळी जागा बघून अक्षरं झाकणभर काढली. लाल गोलावर पांढरंशुभ्र ‘थांबा’. लोखंडी खांबावर ते झाकण चढलं तेव्हा मंडळाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. असलंच काहीतरी आपण कुठेतरी पाहिलंय असं त्यांतल्या प्रत्येकीला वाटलं, पण कुठे ते कोणालाच आठवलं नाही.

उद्घाटन शुक्रवारी दुपारी ठेवलं होतं, म्हणजे पहिल्या प्रवासी म्हणून सासूबाईंना तिथल्या तिथे बसमध्ये बसवता येईल. त्या ठेवणीतली चप्पल घालून खुर्चीवर बसल्या. गल्लीतली बरीच माणसंही जमली. ज्यांना कुठेच जायचं नव्हतं तीही, फुकटात नवीन थांबा बघायला मिळतोय म्हणून. अध्यक्षीणबाईंनी फीत कापली आणि भाषणाला सुरुवात केली. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत स्कूटरवरून एक अंडीवाला आला, पाटी वाचली आणि थांबला.

“काय झालंय?” त्याने विचारलं.

“काही नाही, काही नाही, तुम्ही जा,” वहिनी म्हणाल्या.

“मग थांबा कशाला म्हणता?”

“ते तुम्हाला नाही म्हटलेलं.”

“माझ्याकडेच तोंड करून लिहिलंय की!” असं म्हणून त्याने स्कूटर बंद केली. अंडी नेणारा माणूस उगाच धोका पत्करत नाही.

त्याच्यामागे एक मोटार थांबली. तिच्यामागे गाद्यांचा टेम्पो, टेम्पोमागे वाळूचा ट्रक. ज्याला पाटी दिसत नव्हती तो भोंगा वाजवायचा, दिसली की गप्प व्हायचा. समोरून येणारे, ज्यांच्या बाजूला पाटीची नुसती पाठ होती, ते ही सगळी का थांबली म्हणून थांबले. पुढे रस्ता खचलाय, असं मोटारवाल्याने टेम्पोवाल्याला सांगितलं. टेम्पोवाल्याने ट्रकवाल्याला तपासणी चालू असल्याचं सांगितलं. ट्रकवाल्याने कागदपत्रं काढून मांडीवर ठेवली आणि केस विंचरले. आपल्या भागात इतकी आज्ञाधारक माणसं राहतात हे सेवा मंडळाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

वहिनी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. “तुम्ही नका हो थांबू! चला, चला पुढे!”

“बाई चला म्हणतात, पाटी थांबा म्हणते,” मोटारवाला बायकोला म्हणाला. “पाटी सरकारी असते. बाई खाजगी.”

“आदरार्थी बहुवचनाचा प्रभाव बघा,” मास्तर हळूच शिंप्याला म्हणाले. “नुसतं ‘थांब’ लिहिलं असतं तर एकही थांबला नसता.”

एवढ्यात बस आली. सगळं जग थांबलेलं असताना बस मात्र थांबायला तयार नव्हती. ड्रायव्हर जुना होता, पाटी बघून थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याने रांग बघितली, रांगेच्या डावीकडून बस घातली, फुटपाथवर एक चाक चढवलं, पाटीपर्यंत पोचला आणि समोरच्या गाड्यांत असा रुतला की पुढेही जाईना, मागेही येईना. बसचं दार बरोबर खांबाशी आलं होतं. बंद.

सासूबाई उठल्या. कोणाच्याही दंडाला न धरता उठल्या. गेली दोन वर्षं आपला उजवा दंड कशासाठी झिजत होता, असा एक प्रश्न वहिनींच्या मनात येऊन गेला. सासूबाईंनी दारावर थाप मारली.

कंडक्टरने काचेतून मिशी बाहेर काढली. “आजी, इथे थांबा नाही.”

“वाचता येतं का तुला?”

“येतं की.”

“मग वाच, काय लिहिलंय?”

“थांबा.”

“थांबलायस की नाही?”

“थांबलोय म्हणजे... अडकलोय.”

“पुरुषांचं थांबणं म्हणजे अडकणंच असतं रे बाबा. दार उघड.”

दार उघडलं. सासूबाई चढल्या, त्यांच्यामागे शिंप्याचं गिऱ्हाईक चढलं, त्याच्यामागे वर्षानुवर्षं ती चढण चढून कंटाळलेली निम्मी गल्ली चढली. पाटीचा आदर करून थांबलेल्या गाड्यांमधलेही एकदोघे उतरून बसमध्ये शिरले, कारण निदान ती तरी कुठेतरी जाणारी दिसत होती.

तेवढ्यात मागच्या एका मोटारीतून घामाने निथळलेले एक गृहस्थ उतरून तरातरा पुढे आले. “कोण जबाबदार आहे इथे? कोणी लावलं हे झाकण?”

अध्यक्षीणबाईंनी कात्री पाठीमागे घेतली. “ह्या,” त्या वहिनींकडे हात करून म्हणाल्या. “मधल्या वहिनी. नव्या आहेत हो, अजून बिल्लासुद्धा दिलेला नाही. आमचा तसा काही संबंध नाही त्यांच्याशी.”

मंडळाच्या सगळ्या बायका एक पाऊल मागे सरकल्या. रस्त्यावर वहिनी, गृहस्थ आणि झाकण एवढेच उरले.

“मी वाहतूक कार्यालयातला अधिकारी आहे,” गृहस्थ म्हणाले. “सकाळपासून पाहणीला निघालोय आणि तुमच्यामुळे—”

वहिनी माफी मागणार होत्या. पण ‘पाहणी’ हा शब्द कानावर पडला आणि त्या खिडकीपुढे उभं राहून काढलेल्या सगळ्या सकाळी एकदम त्यांच्या डोक्यात गेल्या.

“साहेब? तुम्हीच का ते साहेब? कधीची शोधतेय तुम्हाला! आलात ते बरं झालं, आता करा पाहणी. शून्य प्रवासी म्हणून अर्ज अडवलाय ना माझा? मोजा! ते बघा, ते मोजा, ती बाई मोजा, तिच्या कडेवरचं पण मोजा. आणि ते निळ्या शर्टवाले... अहो, तुम्ही कुठे चढताय?”

“मी जरा दवाखान्यात चाललोय,” विमा कचेरीत असायला हवा होता तो नवरा पायरीवरून ओशाळून म्हणाला. “म्हटलं आईबरोबर कोणीतरी असावं. काही होऊ शकतं.”

साहेबांनी मोजायला सुरुवात केली होती. ठरवून नाही. माणूस समोरून गेला की बोट हलायचं, अशी नोकरीने हाताला लागलेली सवय होती ती. बस गच्च भरली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. “मागणी आहे बरं का इथे,” ते म्हणाले. “भरपूर आहे. कोणाची कल्पना ही?”

“मंडळाची,” अध्यक्षीणबाई एका पावलात पुढे आल्या. “म्हणजे तशी माझीच. झाकणसुद्धा माझ्या टाकीचं आहे. ह्यांना मी नुसतं पुढे केलं होतं.”

वहिनींनी तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला.

“तुमची? उत्तम. मग अडचणच मिटली. असा वळणाच्या तोंडावर थांबा देता येत नाही, थोडा पुढे घ्यावा लागतो. पण पुढे घेतला की ज्यांच्या दारात येतो ती माणसं भांडायला उठतात. पन्नास ठिकाणी हेच.” साहेब बोलत बोलत चालत निघाले. गटाराचं झाकण ओलांडलं, विजेचा खांब ओलांडला आणि एका मोठ्या फाटकासमोर टाच आपटून उभे राहिले. “इथे. हा बंगला कोणाचा?”

मंडळाच्या बायकांनी अध्यक्षीणबाईंकडे पाहिलं.

“ह्यांचाच,” वहिनी गोड आवाजात म्हणाल्या.

“बघा, योग कसा असतो! कल्पना तुमची, दार तुमचं. नाही तर म्हणणार नाही ना?”

एवढ्या लोकांदेखत समाजसेवेला नाही कसं म्हणणार? अध्यक्षीणबाईंच्या तोंडून जो ‘हो’ निघाला तो पेंटरलासुद्धा रंगवता आला नसता.

पेंटरने झाकण उतरवलं. तरीही एकही गाडी हलली नाही. थांबा कोणी म्हणत नव्हतं हे खरं, पण जा असंही कोणी म्हटलेलं नव्हतं. शेवटी वहिनी अंडीवाल्यासमोर जाऊन घसा फोडून ओरडल्या, “जा!” तेव्हा कुठे स्कूटर सुरू झाली.

“वा!” मास्तर म्हणाले. “‘जा’ हा फार गुणी शब्द. अरेतुरेला चालतो आणि अहोजाहोलाही.”

थांबा रीतसर मंजूर झाला. अध्यक्षीणबाईंनी त्याचं नाव ‘महिला सेवा मंडळ’ असं सुचवलं आणि तशी निळी पाटीही लागली. पण नाव पाटीवर असून भागत नाही, ते कंडक्टरच्या तोंडी बसावं लागतं. आणि त्या शुक्रवारी, बस अर्धा तास अडकलेली असताना, कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर सासूबाई बसल्या होत्या.

“हा थांबा कसा आला माहितीये का?” त्यांनी सगळ्या बसला विचारलं होतं. बस कुठे जाणार होती? ती ऐकत राहिली. “आमच्या सूनबाईंनी आणला. माझ्याबरोबर चढण चढायचा तिला कंटाळा. मला एकटीला बसमध्ये कोंबून दुपारी लोळत पडता यावं म्हणून मंडळात शिरली, कचेरीत खेटे घातले, रस्ता बंद पाडला. ही काय मला सांगणार? माझे गुडघे गेलेत, कान नाहीत गेले. पण एक सांगते हं, हुशार आहे. माझ्या मुलाला हे जन्मात जमलं नसतं.” मुलगा मागच्या दांड्याला धरून उभा होता आणि बाहेर बघत होता.

निळी पाटी लागल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी बस तिथे आली तेव्हा कंडक्टरने दोरी ओढली आणि खणखणीत आवाजात पुकारलं, “चला, सासूचा थांबा! सासूचा थांबा उतरा!”

आता ताळेबंद मांडायचा तर असा.

मास्तरांचं काही गेलं नाही. ते रोज नव्या थांब्यावर उभे राहून लोकांना षष्ठी समजावून देतात, आणि बस यायला उशीर झाला की लोकांना समजून घ्यावी लागते. नवऱ्याला कचेरीत ‘सासूच्या थांब्याचे’ म्हणून ओळखतात. ‘सासूचे की थांब्याचे’ असा खुलासा एकदा एका वरिष्ठाने मागितला, तेव्हापासून तो चालत जातो. अध्यक्षीणबाईंच्या कुंपणाच्या भिंतीवर पहाटेपासून माणसं बसलेली असतात आणि खिडकी उघडली की “बाई, गेली का हो बस?” असं विचारतात. मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाई बसच्या बऱ्याच आधी येऊन त्यांच्या व्हरांड्यातली खुर्ची धरतात. पातेलं झालं, नणंद झाली, आता अध्यक्षीणबाईंचं माहेर चालू आहे.

सासूबाईंनी दमडीही मोजली नाही. त्यांना पूर्वी एक श्रोता होता, आता बसभर आहेत.

आणि वहिनींना बिल्ला मिळाला. दोन दुपारीही मिळाल्या. पहिल्या काही त्यांनी झोपून काढल्या. मग झोप पुरली, म्हणून त्या गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वाचनालयात जायला लागल्या. जाताना काही नाही. येताना कंडक्टर मिशीवरून हात फिरवत पुढ्यात उभा राहतो.

“कुठलं देऊ?”

“ते... वखारीच्या अलीकडचं.”

“अलीकडचं म्हणजे?”

“महिला सेवा मंडळ.”

“असं नाव नाही हो लागत आमच्या मशीनला.”

“अहो, तो नाही का, मोठ्या फाटकासमोरचा...”

“नाव सांगा ना बाई. मागे माणसं खोळंबलीत.”

वहिनी खिडकीबाहेर बघतात, बिल्ल्यावर रुमाल घेतात आणि पुटपुटतात, “एक सासूचा थांबा.”

“जरा मोठ्याने.”

“सासूचा थांबा!”

सगळी बस माना वळवून बघते. पुढच्या सीटवरची एखादी म्हातारी शेजारणीला कोपराने ढोसून म्हणते, “हीच गं ती सून!” थांब्याची किंमत वहिनी ही अशी आठवड्यातून दोनदा, भर बसमध्ये, स्वतःच्या तोंडाने चुकती करतात.

तिकिटाचे पैसे वेगळे.